पोट उघडण्याआधी

कॅन्सरला चाकू लावू नये, हवा लागली की तो पसरतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात तासभर बसा, कोणीतरी कोणालातरी हे सांगताना ऐकू येईल. डॉक्टर ऐकून वैतागतात आणि अडाणीपणा म्हणून सोडून देतात. मला ही समजूत निव्वळ अडाणी वाटत नाही. लोकांचा निष्कर्ष चुकला, पण त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं.

सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सर्रास होऊ लागण्यापूर्वी पोटात काय चाललंय हे नक्की कळायचं, तर पोट उघडून बघावं लागे. जठराचा कॅन्सर असलेल्या माणसाला टेबलावर घ्यायचं, छातीच्या खालपासून बेंबीखालपर्यंत छेद द्यायचा, आत हात घालून चाचपायचं. यकृतावर गाठी लागल्या किंवा पोटाच्या अस्तरावर दाणे दिसले, की मूळ गाठीला हातही न लावता पोट शिवून टाकायचं. सर्जनांच्या बोलीत याला ‘ओपन अँड क्लोज’ म्हणतात. वीतभर जखम घेऊन रुग्ण घरी यायचा, ती भरेपर्यंत दुसरा उपचार सुरू करता यायचा नाही, आणि काही महिन्यांत तो जायचा. गावाला एवढंच दिसायचं: स्वतःच्या पायांनी चालत गेला होता, पोट फाडलं आणि संपला. कॅन्सर आधीच पसरलेला होता, म्हणूनच पोट लगेच मिटवलं, हे सांगायला गावात कोणी येत नसे.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे लॅप्रोस्कोपी, आपल्याकडे घरोघर माहीत झाली ती पित्ताशयातल्या खड्यांमुळे. चार छोटी भोकं, दोन दिवसांत घरी. पसरलेल्या कॅन्सरमध्ये मात्र तिचा पहिला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग बघण्यासाठी होतो. कापण्याची पाळी नंतर येते, आणि कित्येकदा ती येऊच नये हेही दुर्बीणच सांगते.

तिचा जन्मही बघण्यासाठीच झाला. १९०१ साली हॅम्बुर्गच्या एका परिषदेत ड्रेस्डेनच्या गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून, मूत्राशय तपासायची दुर्बीण आत घालून दाखवली. त्यांच्या डोक्यात मूळ प्रश्न वेगळाच होता: हवेच्या दाबाने पोटातला रक्तस्राव थांबवता येईल का? १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेयुस यांनी हाच प्रयोग माणसांवर केला. त्यांनी रुग्ण निवडले ते बहुतेक जलोदराचे, म्हणजे पोटात पाणी साठलेले. पाणी काढायला सुई घालावी लागतच होती. त्याच वाटेने आत डोकावायचं, एवढीच कल्पना.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये लॅप्रोस्कोपी सुरू केली, तीही निदानासाठीच. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया त्यांनी जे. जे.मध्येच केली, पण ती १९९० साली. मधली अठरा वर्षं दुर्बीण मुख्यतः बघत होती, आणि आपल्या देशात बघण्यासारखं खूप होतं. पोटात पाणी, वजन उतरलेलं, भूक गेलेली, सोनोग्राफीत अस्तर जाड झालेलं, बाईच्या रक्तात सीए-१२५ हे प्रथिन वाढलेलं. युरोपातला डॉक्टर हे चित्र बघून बीजांडकोशाचा पसरलेला कॅन्सर म्हणेल आणि बहुधा बरोबर ठरेल. भारतात तेच चित्र पोटाच्या क्षयाचंही असू शकतं. दोन्हींत अस्तरावर पांढरट दाणे असतात, दोन्हींत सीए-१२५ वाढतं, आणि पोटातल्या पाण्याच्या तपासणीत क्षयाचा जंतू सापडेलच याची खात्री नसते. दुर्बिणीतून चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवला की उत्तर मिळतं. एका उत्तरात सहा महिन्यांच्या गोळ्या आणि बहुतेक वेळा पूर्ण बरं होणं. दुसऱ्यात केमो आणि मोठी शस्त्रक्रिया. चौथ्या स्टेजचा कॅन्सर म्हणून घरी रडारड झालेली बाई क्षयाच्या औषधांवर बरी होऊन कामाला लागते, असं आपल्याकडे घडतं. म्हणूनच तुकडा तपासल्याशिवाय पोटात पसरलेल्या कॅन्सरचं निदान मान्य करू नये.

आता ही तपासणी जवळून पाहू. रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असते. बेंबीपाशी सेंटिमीटरभर छेद घेऊन एक नळी आत जाते आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड. पोट फुगतं, आतड्यांपासून पोटाची भिंत वर उचलली जाते आणि मधे काम करायला जागा होते. दाब साधारण १२ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. हवा न वापरता हाच वायू का? तो पेट घेत नाही, आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. कॅमेऱ्याचं टोक तिरकं असतं, त्यामुळे यकृताच्या वरच्या बाजूला श्वासपटलाच्या घुमटाखालीही बघता येतं. कसबी सर्जन इथे घाई करत नाही. उजवं श्वासपटल, डावं, यकृताचा पृष्ठभाग, आतड्यांवर पदरासारखं पसरलेलं चरबीचं आवरण, बाजूच्या पन्हळी, लहान आतड्याची मुळं, शेवटी ओटीपोटाचा तळ. तिथे गुरुत्वाकर्षणाने सगळं साचतं, म्हणून तिथे हमखास बघायचं. काही दिसलं नाही तरी सलाइन आत सोडून, पोट हलवून, ते पाणी परत ओढून घेतात आणि त्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का ते तपासतात. जठराच्या कॅन्सरमध्ये त्या पाण्यात पेशी सापडल्या, तर डोळ्याला एकही दाणा दिसत नसतानाही तो पसरलेलाच धरतात.

सीटी स्कॅन असताना हा खटाटोप कशाला, असं वाटेल. अस्तरावरचे दाणे अनेकदा साबुदाण्याहूनही लहान असतात. पाच मिलिमीटरच्या खालचं सीटीमध्ये बऱ्याचदा सुटतं. जठराच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये स्कॅन स्वच्छ आणि पोटात मात्र दाणे, असं काही रुग्णांत निघतंच. अशांचं जठर काढून आयुष्य वाढत नाही. दुर्बिणीने हे आधीच कळलं तर पोटावर दोन-तीन टाके पडतात आणि काही दिवसांत केमो सुरू होते. पोट उघडून मिटण्याची ती जुनी पाळी टळते. पण या शस्त्रक्रियेत काहीच ‘काढलेलं’ नसतं, त्यामुळे नातेवाइकांना फसवल्यासारखं वाटतं. ऑपरेशनचं बिल भरलं आणि गाठ तशीच! त्या अर्ध्या तासाने किती काय वाचवलं ते बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं.

‘पसरला’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, गाठीच्या पेशी पोटाच्या पोकळीत गळून पडतात आणि अस्तरावर रुजतात. जठर आणि बीजांडकोशाचे कॅन्सर हे हमखास करतात. दुसरी वाट रक्ताची. आतड्यांतून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून आधी यकृतात जातं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी सुटल्या की पहिला थांबा यकृत, आणि काही रुग्णांत पुढे बराच काळ तोच शेवटचाही. म्हणून मोठ्या आतड्यातून यकृतात गेलेला कॅन्सर चौथ्या स्टेजचा असूनही काही जणांत कापून काढता येतो आणि माणूस वर्षानुवर्षं जगतो, काही तर बरेही होतात. कॅन्सरच्या जगात चौथ्या स्टेजबद्दल असं बोलता येईल अशा जागा फार थोड्या आहेत.

यकृताची स्वतःची दोन वैशिष्ट्यं यात कामी येतात. एक तर ते वाढतं: निरोगी यकृताचा साधारण तिसरा हिस्सा शिल्लक राहिला तरी माणूस तगतो, आणि उरलेला भाग काही आठवड्यांत फुगून काम पेलू लागतो. दुसरं म्हणजे त्याची अंतर्गत वाटणी. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५०च्या दशकात यकृताचे आठ खंड मांडून दाखवले. प्रत्येकाचा रक्तपुरवठा आणि पित्ताची नळी स्वतंत्र. कुठला खंड काढला तर शेजाऱ्याला धक्का लागणार नाही, हे त्या नकाशावरून ठरतं.

दुर्बिणीतून यकृत कापणं हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला धाडस समजलं जाई. यकृत रक्ताने थबथबलेलं, आणि सर्जनच्या हातून नेमकं गेलेलं काय, तर हातच. उघड्या शस्त्रक्रियेत बोटांनी दाबून खोल रुतलेली गाठ शोधता येते. पडद्यावर बघताना स्पर्श नाही. ही उणीव सोनोग्राफीने भरून काढली. पेनाएवढी सोनोग्राफीची कांडी भोकातून आत घालून थेट यकृतावर टेकवतात. गाठ कुठे, तिच्या मागे कुठली शीर, मध्ये किती अंतर, सगळं शेजारच्या पडद्यावर उमटतं. मग यकृताच्या आवरणावर जळत्या टोकाने रेघ ओढून घेतात: इथून कापायचं.

कापायचं म्हणजे सुरी फिरवायची नाही. ध्वनिलहरींनी थरथरणारी एक नळी यकृताच्या मऊ पेशी फोडून ओढून घेते आणि रक्तवाहिन्या मात्र तशाच उघड्या पाडते. बारीक वाहिनी जाळून बंद, जरा मोठीला क्लिप, जाडजूड असेल तर स्टेपलर. गरज पडली तर यकृतात जाणारं रक्तच थोडा वेळ अडवतात. ग्लासगोच्या जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ साली सांगितलेली ही युक्ती आजही त्यांच्याच नावाने चालते. पंधरा मिनिटं आवळायचं, पाच मिनिटं सोडायचं. भूलतज्ज्ञ तिकडे शिरांमधला दाब मुद्दाम कमी ठेवतो. आणि केलिंगच्या मनातली ती जुनी शंका? पोटात भरलेल्या वायूच्या दाबाने यकृताच्या शिरांमधून पाझरणारं रक्त खरोखर कमी होतं. याच वायूचा एखादा बुडबुडा उघड्या शिरेतून हृदयाकडे गेला तर घातही होऊ शकतो, म्हणून भूलतज्ज्ञाची नजर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर खिळलेली असते. शेवटी सुटा झालेला तुकडा पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड आवळायचं आणि ओटीपोटावर, सिझेरियनचा व्रण असतो त्या रेषेत, आडवा छेद घेऊन बाहेर काढायचा.

ती पिशवी क्षुल्लक नाही. १९९०च्या सुमारास मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि थोड्याच वर्षांत विचित्र बातम्या येऊ लागल्या: ज्या भोकातून हत्यारं घातली, त्याच जागी कातडीखाली कॅन्सरची नवी गाठ. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका डच गटाने १४ रुग्णांपैकी ३ जणांत असं झाल्याचं कळवलं आणि खळबळ उडाली. व्हरांड्यातली ती समजूत जणू खरी ठरली होती. हवा नाही तर वायू, पण लागला आणि पसरला! चाचण्यांच्या बाहेर या शस्त्रक्रिया जवळपास थांबल्या. अमेरिकेत ४८ संस्थांनी मिळून ८७२ रुग्णांची तुलना केली आणि २००४ मध्ये निकाल आला: जखमेत कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत एक टक्क्याहून कमी, आणि तीन वर्षांत आजार उलटण्याचं दुर्बिणीत १६ तर उघड्या शस्त्रक्रियेत १८ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. मग सुरुवातीला काय बिघडलं होतं? वायूवर बराच संशय घेतला गेला, पण दोष मुख्यतः शिकाऊ हातांचा होता. गाठ चिमटीत धरून ओढणं, ती फुटणं, उघडीच अरुंद भोकातून खेचून काढणं. गाठीला न धरता तिच्या कडेच्या ऊतीला धरायचं आणि पिशवीशिवाय काही बाहेर काढायचं नाही, ही शिस्त त्यातून पक्की झाली.

यकृताबाबतचा चांगला पुरावा नॉर्वेतून आला. ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयात मोठ्या आतड्यातून यकृतात गेलेल्या कॅन्सरचे २८० रुग्ण चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. गुंतागुंत उघड्या शस्त्रक्रियेत ३१ टक्क्यांत झाली, दुर्बिणीच्या गटात १९ टक्क्यांत. रुग्णालयातला मुक्काम ९६ तासांवरून ५३ तासांवर आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ५४ आणि ५५ टक्के, म्हणजे बरोबरीत. या आकड्यांचा अर्थ नीट लावायला हवा. दुर्बिणीने आयुष्य वाढवलं नाही; तेवढंच आयुष्य कमी त्रासात दिलं. शिवाय हे एकाच रुग्णालयातले, वर्षानुवर्षं हेच करणारे हात होते, आणि फार मोठे भाग काढावे लागणारे रुग्ण त्यात नव्हते. यकृताच्या पुढच्या आणि खालच्या भागातली गाठ दुर्बिणीला सोपी. पाठीमागे वर, श्वासपटलाला चिकटलेली गाठ अनुभवी माणसालाही घाम फोडते.

आता तर कापणंही काही जणांना लागत नाही. गाठीत सुई खुपसून मायक्रोवेव्हच्या उष्णतेने ती जागच्या जागी जाळायची, कातडीतून किंवा दुर्बिणीतून. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी शस्त्रक्रिया की जाळणं, अशी सुमारे ३०० रुग्णांची तुलना युरोपात, मुख्यतः नेदरलँड्समध्ये झाली. जाळण्यात त्रास स्पष्टपणे कमी आणि परिणाम उणा नाही, असं दिसल्यावर ती ठरलेल्या मुदतीआधीच थांबवली गेली. सर्जनांना हे पचायला वेळ लागेल.

पण भोकं लहान म्हणून सगळंच चांगलं, असं समजणाऱ्यांना २०१८ मध्ये जोराचा दणका बसला. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या कॅन्सरसाठी ६३१ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत साडेचार वर्षांनी आजाराविना असलेल्यांचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, तर दुर्बीण किंवा रोबोटच्या गटात ८६ टक्के निघालं. मृत्यूही दुर्बिणीच्या गटात जास्त. हा पसरलेला कॅन्सर नव्हता, तरी इथे सांगतो आहे. कारण ही चाचणी होईपर्यंत बहुतेकांना दोन्ही पद्धती सारख्याच वाटत होत्या. एका अवयवाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही. बीजांडकोशाचा कॅन्सर पोटभर पसरला असेल तर आजही उभा, लांब छेद घेऊनच तो काढतात, आणि तेच योग्य आहे. आतड्यांच्या प्रत्येक घडीत हात घालून दाणे वेचायचे असतात. तिथे लहान भोकाचा हट्ट धरणं रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

अस्तरावर पसरलेल्या कॅन्सरसाठी पोटातच औषध सोडण्याचे प्रयत्न बरेच झाले. सगळे दाणे काढून झाल्यावर ४१ ते ४३ अंशांपर्यंत गरम केलेलं केमोचं पाणी पोटात फिरवायचं, या उपचाराला हायपेक म्हणतात. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर यांनी पोटाचे १३ भाग पाडून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायची पद्धत रूढ केली. बेरीज जास्तीत जास्त ३९. ही बेरीज दुर्बिणीतून आधी मोजता येते आणि ती फार मोठी आली तर दहा-दहा तासांची ती शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नसतो. गरम पाण्याबद्दलचा गवगवा मात्र जरा जास्तच झाला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये २६५ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत दाणे काढून गरम केमो दिलेल्यांचं मध्यम आयुर्मान ४१.७ महिने, आणि नुसतेच दाणे काढलेल्यांचं ४१.२. श्रेय पाण्याचं कमी, वेचणाऱ्या हातांचं जास्त.

दाणे काढण्यापलीकडे गेलेल्यांसाठी जर्मनीत मार्क रेमंड यांनी २०११ मध्ये पिपॅक ही पद्धत माणसांवर प्रथम वापरली. दोन भोकं, वायूने फुगवलेलं पोट, आणि त्यात केमोचं औषध फवाऱ्यासारखं धुकं करून सोडायचं. अर्धा तास ते धुकं आत राहतं. तेवढा वेळ ऑपरेशन थिएटरमध्ये रुग्णाशिवाय कोणी थांबत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका सगळे बाहेर, पडद्यावर नजर ठेवून. सहा आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि दर वेळी आत बघून तुकडे घेऊन औषध लागू पडतंय का ते कळतं. भारतातही काही केंद्रांत हे होतं. यातून कॅन्सर बरा होत नाही. काहींचं पोटातलं पाणी कमी होतं, काहींत आजार काही काळ थोपतो. नेहमीच्या केमोपेक्षा आयुष्य वाढतं हे अजून सिद्ध व्हायचं आहे. हे न सांगता कोणी पिपॅक सुचवत असेल तर उठून यावं.

रोबोटचंही थोडं सांगायला हवं, कारण जाहिरातींचे फलक आता त्याचेच असतात. रोबोट स्वतः काही कापत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. हत्यारांची टोकं मनगटासारखी वळतात, सर्जनची पाठ दुखत नाही, अवघड कोपऱ्यात टाके घालणं सोपं जातं. यकृतातल्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये त्याने रुग्ण जास्त जगतो, असा पुरावा नाही. बिल मात्र नक्की वाढतं.

तुमच्या घरात हा प्रश्न आला तर ‘दुर्बिणीने कराल का?’ हे शेवटी विचारा. आधी विचारा की कॅन्सर नेमका कुठे पसरला आहे, यकृतात की अस्तरावर. तुकडा तपासून झाला आहे का. आणि शस्त्रक्रिया करावी की आधी केमो द्यावी हे एकट्या सर्जनने ठरवलं आहे, की केमोचे आणि रेडिओलॉजीचे डॉक्टर एकत्र बसून. मग विचारा की अशी किती यकृतं तुम्ही कापली आहेत. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. तो हेही सांगून ठेवतो की रक्तस्राव आटोक्यात आला नाही तर मध्येच पोट उघडावं लागेल, आणि त्यात अपयश काही नाही. दुसरं मत घ्यायला जाताना सीटी स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे तपासलेल्या तुकड्याचे जतन केलेले नमुने, बरोबर न्या. नुसते रिपोर्टचे कागद बघून कोणी यकृतावरची शस्त्रक्रिया ठरवू शकत नाही.